अकरा वर्षांची मठाध्यक्षा: क्वेडलिनबुर्गचा मठ समजून घेताना

जर्मनीत हार्झ डोंगररांगेच्या उत्तरेला, बोडे नदीकाठी क्वेडलिनबुर्ग नावाचं लहानसं शहर आहे. लाकडी चौकटीच्या हजारावर जुन्या घरांसाठी ते ओळखलं जातं. १९९४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथे जाणारे बहुतेक जण ही घरं बघतात, फोटो काढतात, मग समोरच्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढतात आणि तिथे पोचल्यावर गोंधळतात. कारण तिथला इतिहास सांगतो की हा बायकांचा मठ होता, पण त्याच्या प्रमुख बाईची स्वतःची टांकसाळ होती. ती बाजारावर जकात घेत असे, खालचं शहर तिच्या ताब्यात होतं आणि पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे त्या काळच्या जर्मन साम्राज्याच्या सभेत तिला मत होतं. पहिली मठाध्यक्षा नेमली गेली तेव्हा अकरा वर्षांची होती. शिवाय पुढे हा कॅथलिक मठ प्रोटेस्टंट झाला, तरी बंद पडला नाही.

मठ म्हटलं की उंच भिंती, मौन आणि त्याग असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. त्या चित्रात यातलं काहीच बसत नाही. म्हणून सुरुवातीपासून बघू.

## एका राजाची कबर आणि एक विधवा

२ जुलै ९३६ रोजी पूर्व फ्रँकिश राज्याचा, म्हणजे पुढे ज्यातून जर्मनी घडला त्या राज्याचा राजा हाइनरिश पहिला मेमलेबन इथे वारला. त्याला क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवर पुरण्यात आलं. त्याची राणी माटिल्डा हिच्यासाठी ही जागा परकी नव्हती. आपल्यामागे तिचा निर्वाह व्हावा म्हणून हाइनरिशने ९२९ मध्ये ज्या जागा तिच्या नावे लावून दिल्या होत्या, त्यांत क्वेडलिनबुर्गही होतं.

नवऱ्याच्या कबरीपाशी तिने स्त्रियांचा मठ उभा केला. मुलगा ओटो पहिला याने त्याच वर्षी १३ सप्टेंबरला त्याची सनद दिली. ओटोचा राज्याभिषेक होऊन तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. नव्या राजाने सिंहासनावर बसताच जी कामं हाती घेतली, त्यांत हे काम होतं, यावरून त्याचं महत्त्व कळतं.

मठाचं काम काय? मेलेल्यांसाठी प्रार्थना. त्या काळच्या ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे माणूस मेल्यावरही त्याच्या आत्म्याला जिवंतांच्या प्रार्थनेची गरज असते. राजासारख्या, युद्धं केलेल्या आणि माणसं मारलेल्या माणसाला तर ती जास्तच. मठात मृतांच्या नावांच्या याद्या असत, प्रत्येकाच्या पुण्यतिथीला त्याचं नाव घेतलं जाई, गोरगरिबांना अन्न वाटलं जाई. हाइनरिश ज्या सॅक्सन लोकांतला, त्यांच्या सरदार घराण्यांत घरच्या मृतांची आठवण सांभाळण्याचं काम बायकांचं मानलं जाई. त्यामुळे राजाच्या कबरीपाशी बायकांचा मठ उभा राहिला, याचं त्या काळी कुणालाही नवल वाटलं नसतं.

## पण प्रार्थनेसाठी एवढी जमीन कशाला?

आपल्याकडच्या देवस्थान इनामाची आठवण केली की हे चटकन कळतं. देवळातली पूजाअर्चा, दिवाबत्ती अखंड चालावी म्हणून राजा जमीन इनाम देई. तिचं उत्पन्न देवाच्या सेवेसाठी असे आणि ती जमीन सहसा कुणी परत घेत नसे. पिढ्यान्‌पिढ्या असं होत गेलं की देवस्थान हीच एक सत्ता बनते. क्वेडलिनबुर्गला तेच घडलं, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

यात राजघराण्याचा स्वतःचा हिशेबही होता. मुलांमध्ये वाटणी झाली की जमीन तुटते. देवाला वाहिलेली जमीन एकसंध राहते आणि घरचीच लेक तिच्यावर बसवली तर घराण्याच्या हातातही राहते. दुसरी गोष्ट मुलींची. राजाची मुलगी एखाद्या बलाढ्य सरदाराला दिली तर तिचा मुलगा उद्या गादीवर हक्क सांगू शकतो. मठात गेलेल्या मुलीला मूल होणार नाही, म्हणजे दावेदारही नाही. पण ती राजाची बहीण म्हणून, आत्या म्हणून त्याच्या बाजूने उभी राहू शकते.

ओटोच्या सनदेतलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. आपल्या वंशातला राजा गादीवर असेल तोवर मठ त्याच्या अधिकारात राहील. पण लोकांनी उद्या दुसऱ्याच कुणाला राजा निवडलं, तर मठ इतर मठांप्रमाणे त्या राजाकडे जाईल आणि मठाचं रक्षण मात्र आपल्या घराण्यातला सगळ्यांत बलवान पुरुष करील, असं त्यात लिहिलं आहे. गादीवर बसून काही आठवडे झालेला चोविशीच्या आतला राजा आपल्या घराण्याच्या हातून सत्ता गेली तर काय, याची तजवीज करतो आहे! राज्य जाऊ शकतं, बापाची कबर आणि तिच्याभोवतीची जमीन जाता कामा नये, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

## तिथल्या बायका नन होत्या का?

नेहमीच्या अर्थाने नव्हत्या, आणि बहुतेक गैरसमज इथेच होतात.

मठांचे ढोबळ दोन प्रकार होते. एका प्रकारात बाई आजन्म व्रत घेते, सगळी मालमत्ता सोडते आणि पुन्हा संसारात येत नाही. तिला नन म्हणू. दुसऱ्या प्रकारात राहणाऱ्या स्त्रीला कॅनोनेस म्हणत. ८१६ मध्ये आखेनच्या धर्मसभेने अशा स्त्रियांसाठी नियमावली केली. त्यानुसार त्यांना स्वतःची मालमत्ता ठेवता येई, दासी बाळगता येई, मठाच्या आवारात वेगळ्या घरात राहता येई. ठरावीक वेळांना चर्चमध्ये जमून स्तोत्रं गाणं आणि पवित्र जीवन जगणं हे बंधन होतंच. पण आजन्म व्रत नसल्याने कॅनोनेस मठ सोडून लग्नही करू शकत असे. क्वेडलिनबुर्ग हा या दुसऱ्या प्रकारचा मठ होता.

इथल्या मुली लॅटिन शिकत. धर्मग्रंथ वाचायचे, स्तोत्रं म्हणायची, सनदा समजून घ्यायच्या तर लॅटिनला पर्याय नव्हता. राजेसुद्धा धड लिहू-वाचू शकत नसत त्या काळात या टेकडीवर शिकलेल्या बायकांचा एक समूह राहत होता. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे एक इतिवृत्त लिहिलं गेलं. ते याच मठातल्या एखाद्या स्त्रीने लिहिलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात.

## अकरा वर्षांची मुलगी काय कारभार करणार?

हा प्रश्न रास्त आहे. राणी माटिल्डाने तीस वर्षं मठ स्वतः सांभाळला, पण मठाध्यक्षेचं पद तिने घेतलं नाही. ९६६ मध्ये त्या पदावर तिची नात बसली. तिचं नावही माटिल्डाच. ती ओटोची मुलगी, ९५५ मध्ये जन्मलेली. आजी दोन वर्षांनी, मार्च ९६८ मध्ये वारली आणि नवऱ्याशेजारी पुरली गेली.

सुरुवातीला ती मुलगी म्हणजे घराण्याने पुढे केलेलं एक नाव होती, यात शंका नाही. त्याच सुमारास कोर्वाय मठातल्या विडुकिंड या साधूने सॅक्सन लोकांचा इतिहास लिहून तो तिला अर्पण केला. विषय तिच्या बापाचे आणि आजोबांचे पराक्रम. घराण्याची कीर्ती कुणाच्या स्वाधीन करायची, तर या मुलीच्या, हे लिहिणाऱ्यालाही कळत होतं.

पण मुली मोठ्या होतात. ही माटिल्डा तेहतीस वर्षं मठाध्यक्षा होती आणि त्या काळात क्वेडलिनबुर्ग राज्याच्या राजकारणाच्या मधोमध आलं. राजे ईस्टरचा सण इथे करत. ९७३ च्या ईस्टरला ओटोने इथे भरवलेल्या सभेत डेन्मार्क, बोहेमिया, हंगेरी आणि बायझँटियमपर्यंतचे राजदूत आले होते. काही आठवड्यांनी तो वारला. ९८४ च्या ईस्टरला बव्हेरियाचा पदच्युत ड्यूक हाइनरिश, ज्याला इतिहासात ‘भांडखोर’ म्हणतात, त्याने तीन-चार वर्षांच्या बालराजा ओटो तिसऱ्याला, म्हणजे ओटो पहिल्याच्या नातवाला, ताब्यात ठेवून इथेच स्वतःला राजा म्हणवून घेतलं. घराण्याच्या बायकांनी आणि त्यांच्या बाजूच्या सरदारांनी त्याला मूल परत द्यायला लावलं. दोन वर्षांनी, ९८६ च्या ईस्टरला, त्याच क्वेडलिनबुर्गात छोट्या ओटोच्या मेजवानीत चार ड्यूक सेवेला उभे होते आणि त्यांतला एक हा हाइनरिश होता. जिथे राजा म्हणवून घेतलं तिथेच सगळ्यांसमक्ष ताटं वाढायला लावणं, याला त्या काळी कुठल्याही तहनाम्याइतकं वजन होतं.

ओटो तिसरा मोठा होऊन इटलीत गेला, तेव्हा ९९७ पासून त्याने जर्मनीतला कारभार आत्याच्या, म्हणजे मठाध्यक्षा माटिल्डाच्या हाती दिला. ९९८ मध्ये तिने डेरेनबुर्ग इथे सरदारांची सभा बोलावली. फेब्रुवारी ९९९ मध्ये ती वारली, तोवर राज्य तीच बघत होती.

## टांकसाळ आणि जकात कुठून आली?

२३ नोव्हेंबर ९९४ रोजी ओटो तिसऱ्याने आत्याच्या मठाला तीन हक्क दिले: बाजार भरवण्याचा, नाणी पाडण्याचा आणि जकात घेण्याचा. टेकडीखालचं शहर वाढलं ते या हक्कांमुळे. बाजार आला की व्यापारी येतात, कारागीर स्थायिक होतात, नाण्यांची गरज पडते आणि प्रत्येक टप्प्यावर मठाला उत्पन्न मिळतं. बाराव्या शतकातली इथली चांदीची पातळ नाणी आजही संग्रहालयांत आहेत. त्यांवर राजाच्या जागी मठाध्यक्षेची आकृती आहे.

पुढे तिला साम्राज्याच्या राजपुरुषांचा दर्जा मिळाला. म्हणजे तिच्या आणि सम्राटाच्या मध्ये कुणी ड्यूक किंवा काउंट नव्हता. साम्राज्यसभेत तिच्या मठाची जागा आणि मत होतं. सभेत तिच्या वतीने सहसा एखादा पुरुष प्रतिनिधी जाई, पण मत मठाचं असे.

## मग पुरुषांची गरजच नव्हती?

दोन ठिकाणी होती आणि दोन्ही दुखऱ्या जागा होत्या.

पहिली वेदीपाशी. स्त्रीला मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, अर्पण करता येत नसे. त्यामुळे मठाध्यक्षेच्या हाताखाली पुरुष धर्मगुरू असत. ती त्यांची धनीण होती, पण मठाच्या मूळ कामासाठी, राजाच्या आत्म्यासाठी होणाऱ्या मिस्सासाठी, तिला त्यांच्यावरच अवलंबून राहावं लागे.

दुसरी तलवारीची. धर्मसंस्थेने हत्यार धरायचं नाही आणि देहदंडाची शिक्षा द्यायची नाही, म्हणून प्रत्येक मठाला एक संरक्षक लागे. हा सरदार असे. मठाच्या जमिनींचं रक्षण, गंभीर गुन्ह्यांचा न्याय आणि त्याबदल्यात उत्पन्नाचा वाटा असा हा व्यवहार होता. राखणदारच मालकी सांगू लागण्याचा धोका त्यात सुरुवातीपासून होता. क्वेडलिनबुर्गच्या पुढच्या पाचशे-सहाशे वर्षांच्या इतिहासात ही ओढाताण पुन्हा पुन्हा दिसते.

सगळ्यांत ठळक प्रसंग १४७७ चा. तोवर शहर श्रीमंत झालं होतं, हान्सा या व्यापारी शहरांच्या संघात सामील झालं होतं आणि टेकडीवरच्या बाईचं ऐकायला तयार नव्हतं. मठाध्यक्षा होती सॅक्सनीच्या घराण्यातली हेडविग. तिने आपले भाऊ अर्न्स्ट आणि अल्ब्रेश्ट यांना बोलावलं. त्यांच्या सैन्याने शहर घेतलं. बाजारचौकात शहराच्या स्वातंत्र्याची खूण म्हणून उभा असलेला रोलांडचा पुतळा पाडला गेला. शहराला हान्सातून बाहेर पडावं लागलं. तो पुतळा पुन्हा उभा राहायला १८६९ साल उजाडलं.

हेडविग जिंकली, पण संरक्षकपद आता तिच्या भावांच्या घराण्याकडे गेलं आणि ते घराणं मठापेक्षा कितीतरी मोठं होतं. शहराला वठणीवर आणायच्या नादात तिने मठाचं स्वातंत्र्य गहाण टाकलं, असं मला वाटतं. तिच्या जागी दुसरा कुठला मार्ग होता, हे सांगणं मात्र सोपं नाही.

## कॅथलिक मठ प्रोटेस्टंट कसा होऊ शकतो?

प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने मठांवरच टीका केली होती. मृतांसाठी प्रार्थना करून पुण्य मिळतं, हेच त्याला मान्य नव्हतं. मग ज्याचा पायाच ती प्रार्थना, त्या मठाने ल्यूथरचा मार्ग कसा धरला?

उत्तर थोडं श्रद्धेत आणि बरंच व्यवहारात आहे. संरक्षक असलेला सॅक्सनीचा ड्यूक गेओर्ग कट्टर कॅथलिक होता. तो जिवंत असेपर्यंत बदल शक्य नव्हता. एप्रिल १५३९ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी मठाध्यक्षा आना फॉन श्टोलबर्ग हिने मठात आणि शहरात नवा पंथ आणला. मठ बंद करायचा तर त्याच्या जमिनी, हक्क, सभेतलं मत सगळं शेजारच्या ड्यूकने गिळलं असतं. आनाने उपासना बदलली आणि संस्था राखली. तिथल्या स्त्रियांनी तसंही आजन्म व्रत घेतलेलं नव्हतं, त्यामुळे मोडायला फारसं काही नव्हतं. सरदार घराण्यांनाही लग्न न झालेल्या मुलींसाठी मानाची आणि उत्पन्नाची जागा हवीच होती. अशा रीतीने कॅथलिक राजाच्या आत्म्यासाठी सुरू झालेली संस्था आणखी अडीचशे वर्षांहून अधिक काळ ल्यूथरन म्हणून चालली.

## हे सगळं बायकांच्या स्वातंत्र्याचं उदाहरण मानायचं का?

हा प्रश्न मी गांभीर्याने घेते, कारण आजकाल मध्ययुगातल्या कुठल्याही सत्ताधारी स्त्रीला हौसेने क्रांतिकारक ठरवलं जातं.

इथे प्रवेश फक्त वरच्या कुळांतल्या मुलींना होता. टेकडीवरच्या स्तोत्रगायनाचा खर्च खालच्या शेतांत राबणारी कुळं भरत आणि त्यांच्यातही बायका होत्या. त्यांच्या मुलींना लॅटिन कुणी शिकवलं नाही. टेकडीवरच्या मुलींनाही निवड कितपत होती? अकराव्या वर्षी मठाध्यक्षा झालेल्या मुलीला कुणी विचारलं नसणार. अर्थात तशाच वयात वाङ्निश्चय होणाऱ्या दुसऱ्या राजकन्यांनाही कुणी विचारत नव्हतंच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या व्यवस्थेने घराण्याच्या सोयीसाठी या मुली इथे आणल्या, तिनेच त्यांच्या हाती जमीन, नाणी, न्याय आणि शिक्षण दिलं. ते एकदा हाती आल्यावर त्यांनी ते वापरलं. १२०० च्या सुमारास मठाध्यक्षा आग्नेसच्या काळात इथल्या स्त्रियांनी एक प्रचंड गालिचा विणायला घेतला. रोमन देव मर्क्युरी (बुध) आणि विद्या यांच्या लग्नाची प्राचीन रूपककथा त्यावर आहे. पोपला भेट द्यायचा तो गालिचा इथेच राहिला. युरोपात गाठी मारून विणलेल्या, टिकून राहिलेल्या गालिच्यांत तो सगळ्यांत जुन्यांपैकी गणला जातो. विद्येचं लग्न हा विषय बायकांच्या मठात निवडला जातो, याकडे बघणाऱ्याने दुर्लक्ष करू नये.

खालच्या शहरात मात्र बाईची सत्ता इतर बायकांच्या कामी आपोआप येत नव्हती. अठराव्या शतकात इथेच डोरोथेआ एर्क्सलेबन वैद्यकी करत होती. शहरातल्या तीन डॉक्टरांनी तिच्याविरुद्ध भोंदूगिरीची तक्रार केली. तिने हाले विद्यापीठात परीक्षा दिली आणि १७५४ मध्ये ती जर्मनीतली पहिली वैद्यकीय डॉक्टरेट मिळवणारी स्त्री ठरली. त्यासाठी तिला वाट मिळाली ती प्रशियाच्या राजाच्या जुन्या परवानगीतून आणि स्वतःच्या अभ्यासातून. टेकडीवरच्या मठाध्यक्षेला त्याचं श्रेय देता येत नाही.

## मग मठ संपला कसा?

हळूहळू पोखरला गेला. संरक्षकपद सॅक्सनीच्या घराण्याने सतराव्या शतकाच्या शेवटी ब्रांडनबुर्गला, म्हणजे ज्यातून पुढे प्रशिया झाला त्या राज्याला विकलं. होय, विकलं. मठाध्यक्षा आना डोरोथेआने केलेला विरोध व्यर्थ गेला आणि १६९८ मध्ये शहरात सैनिक आले. ती १७०४ मध्ये वारल्यावर वादांमुळे चौदा वर्षं पद रिकामं राहिलं. १७५६ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिक राजाची बहीण आना अमालिया मठाध्यक्षा झाली. ती गुणी संगीतकार होती, थोर संगीतकार बाख याच्या हस्तलिखितांचा मोलाचा संग्रह तिच्यामुळे टिकला. पण ती राहत असे बर्लिनला. शेवटची मठाध्यक्षा सोफिया आल्बर्टिना ही स्वीडनची राजकन्या.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धांत ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेचा मुलूख फ्रान्सने घेतला. तिथल्या जर्मन राजांना भरपाई द्यायची, तर जमीन आणायची कुठून? धर्मसंस्थांकडून. १८०२-०३ मध्ये क्वेडलिनबुर्ग प्रशियात विलीन झालं. ९३६ पासून मोजलं तर ८६६ वर्षं झाली होती.

## त्यानंतर या जागेचं काय झालं?

१९३६ मध्ये हाइनरिशच्या मृत्यूला हजार वर्षं झाली. नाझींच्या एसएस संघटनेचा प्रमुख हिमलर याने तो दिवस इथे थाटात साजरा केला आणि १९३८ मध्ये एसएसने चर्चच ताब्यात घेतलं. ख्रिस्ती उपासना बंद केली, वास्तूतले न रुचणारे भाग बदलले. राजाची हाडं सापडली असं जाहीर करून ती समारंभाने पुरलीसुद्धा. युद्धानंतर तपासल्यावर तो दावा खोटा निघाला. हाइनरिशचे अवशेष कुठे गेले, हे आज कुणालाच माहीत नाही. माटिल्डाची दगडी शवपेटी मात्र तळघरात आहे. साडेआठशे वर्षं ज्या बायकांनी त्याची आठवण सांभाळली, त्यांना बाजूला सारून त्याला वंशवादाचा नायक केलं गेलं, याचा मला आजही राग येतो.

युद्धाच्या काळात मठाचा खजिना सुरक्षिततेसाठी गावाजवळच्या गुहेत ठेवला होता. १९४५ मध्ये एका अमेरिकन लेफ्टनंटने त्यातल्या मौल्यवान वस्तू चोरून टपालाने टेक्सासला घरी पाठवल्या. त्यांत सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली नवव्या शतकातली शुभवर्तमानाची प्रतही होती. तो १९८० मध्ये वारला, वारसांनी वस्तू विकायला काढल्या आणि चोरी उघडकीस आली. खटला, तडजोड आणि पैशाची देवाणघेवाण होऊन १९९३ मध्ये बहुतेक वस्तू क्वेडलिनबुर्गला परत आल्या. काही अजूनही सापडलेल्या नाहीत. परत आलेल्या वस्तू आज चर्चच्या खजिनादालनात बघता येतात. मठाध्यक्षांच्या कोरीव थडग्यांच्या शिळा चर्चच्या तळघरात आहेत आणि आग्नेसच्या गालिच्याचे उरलेले तुकडेही चर्चमध्येच जतन केलेले आहेत.